अखेरची तारीख

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस.
खाली लादी फुटली की वर माझा कीबोर्ड हलतो.
शुक्रवारच्या सभेत सांगायचंय,
वाटणीचा नवा हिशेब कुठल्या भाषेत लिहायचा.

जुना फॉक्सप्रोत आहे,
लियाकत बुरोंडकरांनी लिहिलेला.
ते आता कुवेतला, मुलाकडे.
फोनवर आधी सुरमईचा भाव विचारतात,
मग माझी अडचण.

पुण्याहून ईशान तक्ते पाठवतो :
ही वेगात पळते, हिची माणसं स्वस्तात मिळतात,
ही सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे,
ती म्हातारी झाली, तिच्या वाटेला जाऊ नकोस.
मी वाचते, आणि खिडकीखाली
पुळणीवर लिलाव चाललेला असतो :
साडेचार, साडेचार, पावणेपाच, गेला.
अख्खा ढीग विकायला एवढे शब्द पुरले.

पावसे कारकून टेबलाच्या कडेवर बसून सांगतात,
"आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा.
उरलं त्याचं अर्धं होडीचं नि जाळ्याचं.
बाकीत तांडेलाचे दोन, खलाशाचा एक,
जेवण रांधतो त्या पोराचा अर्धा."
आणि फेरी फुकट गेली तर?
"मग बर्फ नाखव्याच्या अंगावर."
हे कुठे लिहिलंय?
"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक हाय."

पाच खलाशी, एक तांडेल, एक पोर : साडेसात वाटे.
दहा हजारांना साडेसातने भागलं
की पैसे शेपटीसारखे लांबत जातात.
एका भाषेत तर दहा पैसे नि वीस पैसे
मिळून नेमके तीस होतच नाहीत,
तिसाच्या पुढे कुठेतरी एक कण उरतो.
कणभरच, ईशान म्हणतो.
त्याला कसं सांगू, इथे दोन सख्खे भाऊ
सव्वा रुपयावरून वेगळ्या होड्या करून बसलेत.
(उरलेली मोड चहाच्या डब्यात जाते.
हाही नियम. हाही कुठे लिहिलेला नाही.)

मग सापडली ती ओळ.
दोन हजारांच्या पुढे कुठेतरी, एकटीच :
खातं 'डी-सतरा' असेल तर अर्धा वाटा द्यावा.
वर लियाकतभाईंची टीप, रोमन अक्षरांत मराठी :
हे असंच ठेवा. कारण पावसेंना विचारा.

पावसेंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता काढला.
रेवती दोरकुळकर.
नवरा दाभोळच्या बाहेर पाण्यात गेला, मिळाला नाही.
तांडेल म्हणाला, पुनवेपर्यंत त्याचा निम्मा वाटा चालू राहू दे.
पुनव झाली. होड्यांनी नारळ सोडले.
वाटा बंद करा, हे म्हणायला कोणी उठलंच नाही.
बावीस वर्षं झाली.
ती होडी मोडून तिचं लाकूडही जळलं,
वाटा आता तिच्या जागी आलेल्या होडीतून निघतो.

मी ती ओळ चूक म्हणून खोडणार होते.

त्या रात्री सगळ्या भाषा एकेक करून
याच एका खात्यावर चालवून पाहिल्या.
एकीने तारीख रिकामी बघून काहीच विचारलं नाही,
महिनाभर गप्प राहिली असती
आणि ऐन वाटणीच्या दिवशी कोसळली असती.
दुसरीने आपल्याच मनाने एकोणीसशे सत्तर साल घातलं.
कोटलिनने मात्र आधीच अडवलं :
ही जागा रिकामी राहू शकते का? आत्ताच सांग.
मी 'तारीख' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
तिने मान्य केलं.

सभेच्या इतिवृत्तात कारण नोंदलं :
पैशांचं गणित बिनचूक ठेवता येतं, पुढे माणसं मिळतील.
दोन्ही खरंच आहे.

पावसे पडद्याजवळ वाकून बघत होते.
"ह्या चिन्हाचा अर्थ काय?"
म्हटलं, अजून ठरलेलं नाही, असा.
"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले,
आणि खाली बर्फाचं बिल आणायला गेले.